इंग्रजीत नापास झालेला इंग्रजी लेखक

म्हैसूरच्या कुक्करहळ्ळी तलावाकाठी आजही सकाळ-संध्याकाळ फिरणाऱ्यांची वर्दळ असते. १९२५ च्या सुमारास याच काठावर एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा हातात पुस्तक घेऊन वेळी-अवेळी भटकताना दिसे. त्याच्या बरोबरीची मुले कॉलेजात गेली होती. हा मात्र विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नापास होऊन घरी बसला होता. वडील म्हैसूरच्या महाराजा कॉलेजिएट हायस्कूलचे मुख्याध्यापक. मुख्याध्यापकांचाच मुलगा नापास! अशा वेळी घरात काय वातावरण असते आणि शेजारीपाजारी काय कुजबुजतात, हे आपल्याकडच्या कोणत्याही आईबापांना सांगायला नको.

मुलगा ज्या विषयात गचकला होता, तो विषय होता इंग्रजी आणि मुलाचे नाव होते आर. के. नारायण.

पुढे याच मुलाने इंग्रजीत ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ लिहिली, ‘द इंग्लिश टीचर’ लिहिली, ‘द गाइड’ लिहून १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवला. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकाला तो पुरस्कार पहिल्यांदाच मिळाला होता. त्यांच्या गोष्टी आज शाळेच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत आहेत आणि त्या धड्यांखालच्या प्रश्नांची उत्तरे पाठ करून मुले इंग्रजीच्या परीक्षेला बसतात. दैवाचा खेळ म्हणतात तो याहून वेगळा काय असणार?

नापास झाल्यानंतरचे ते वर्ष नारायण यांनी वाचनात घालवले. वडिलांच्या शाळेच्या ग्रंथालयात इंग्लंडहून पुस्तके आणि मासिके येत. ती आधी मुख्याध्यापकांच्या घरी पोहोचत आणि मुलगा त्यांचा फडशा पाडी. अभ्यासक्रम नाही, प्रश्न नाहीत, गुण नाहीत. पुढल्या वर्षी, १९२६ मध्ये ते प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले आणि महाराजा कॉलेजात दाखल झाले. मात्र वर्षभर वाचले म्हणून मुलगा हुशार झाला आणि सगळे सुरळीत झाले, असा सोयीचा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. बी. ए. व्हायलाही त्यांना इतरांपेक्षा एक वर्ष जास्त लागले. १९३० मध्ये पदवी हाती आली. परीक्षेशी त्यांचे कधी जमलेच नाही.

सात जूनची सकाळ

ही जुनी गोष्ट आज आठवायचे कारण शेजारच्या चीनमध्ये आहे. तिथे दर वर्षी ७ जूनला बारावीची मुले ‘गाओकाओ’ या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेला बसतात. २०२४ मध्ये १ कोटी ३४ लाखांहून अधिक मुलांनी या परीक्षेसाठी नाव नोंदवले होते. चिनी भाषा, गणित आणि परदेशी भाषा हे तीन मुख्य विषय प्रत्येकी १५० गुणांचे. परदेशी भाषा म्हणजे जवळजवळ सर्वांसाठी इंग्रजीच. म्हणजे हुनान किंवा गान्सूसारख्या प्रांतातल्या एखाद्या खेड्यातल्या मुलाला, ज्याला आयुष्यात इंग्रज माणूस दिसेलच याची खात्री नाही, त्याला डॉक्टर व्हायचे असो की शेतीशास्त्र शिकायचे असो, इंग्रजीच्या या १५० गुणांचा डोंगर चढावाच लागतो.

त्या दिवशी शहरांत परीक्षा केंद्रांजवळ हॉर्न वाजवायला बंदी असते, बांधकामे थांबवली जातात. इंग्रजीच्या पेपरात ध्वनिफीत ऐकून उत्तरे लिहायचा भाग जिथे असतो, तिथे ही शांतता आणखी काटेकोरपणे पाळली जाते. केंद्राबाहेर आया उभ्या असतात. त्यांतल्या कित्येकींनी ‘छीपाव’ हा पारंपरिक झगा घातलेला असतो, कारण त्या नावातला ‘छी’ हा उच्चार ‘झेंडा फडकताच विजय’ अशा अर्थाच्या एका चिनी म्हणीतही येतो. मुलाच्या तळहातावर दही-साखर ठेवणाऱ्या आपल्याकडच्या आईला यात नवल वाटायचे कारण नाही.

आन्हुई प्रांतात माओतानछांग नावाचे एक छोटे गाव आहे. तिथल्या शाळेत नापास झालेली किंवा कमी गुण पडलेली हजारो मुले पुन्हा परीक्षेची तयारी करायला येतात. अनेकांच्या आया नोकरी-शेती सोडून गावात भाड्याच्या खोल्या घेतात, मुलाला वेळेवर गरम जेवण मिळावे म्हणून. कोटा आणि लातूर ज्यांनी पाहिले आहे त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र लगेच उभे राहील.

इंग्रजीची तयारी म्हणजे प्रामुख्याने शब्द. सुमारे ३५०० शब्दांची यादी असते. ती वर्गात भल्या सकाळी मोठ्याने म्हणायची. आपल्याकडे पाढे म्हणत तशी. नव्या धर्तीच्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत ऐकण्याला ३०, वाचनाला ५०, गाळलेल्या जागा आणि व्याकरणाला ३० आणि लेखनाला ४० गुण आहेत. बोलण्याचे काय? बहुतेक प्रांतांत बोलण्याचे गुण एकूण गुणांत धरलेच जात नाहीत. त्यामुळे वर्षानुवर्षे इंग्रजी शिकून, उत्तम गुण मिळवूनही तोंडातून वाक्य फुटत नाही अशी तिथली जुनी तक्रार आहे. चिनी लोकांनी तिला नावही दिले आहे, ‘मुकी इंग्रजी’. हे नाव आपल्याकडे उसने घ्यायला हरकत नाही. तर्खडकरांच्या पाठमालेवर वाढलेल्या कितीतरी आजोबांना व्याकरण तोंडपाठ होते, पण मुंबईच्या साहेबापुढे उभे राहिले की घशाला कोरड पडे.

३३ गुणांचा विद्यार्थी

चीनमध्ये इंग्रजीला हे महत्त्व फार जुने नाही. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात दहा वर्षे प्रवेश परीक्षाच बंद होत्या. १९७७ च्या हिवाळ्यात त्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा ५७ लाख मुले-माणसे परीक्षेला बसली आणि जेमतेम पावणेतीन लाखांना प्रवेश मिळाला. शेतात राबणारे, कारखान्यात काम करणारे, लग्न होऊन मुलेबाळे झालेले, सगळे एका बाकावर. सुरुवातीला इंग्रजीचे गुण एकूण गुणांत धरले जात नसत. मग ते थोडे थोडे धरले जाऊ लागले आणि १९८३ पासून पूर्ण धरले गेले. परीक्षेत गुण आले की विषयाला किंमत येते, हे सर्व देशांत सारखेच.

त्याच धामधुमीत १९७८ साली जिआंगसू प्रांतातल्या जियांगयिन भागातला यू मिनहोंग नावाचा एक शेतकरी कुटुंबातला मुलगा परीक्षेला बसला. इंग्रजीत त्याला ३३ गुण मिळाले. घरी परत येऊन तो शेतात राबला, गावच्या शाळेत काही काळ बदली शिक्षक म्हणून शिकवले. दुसऱ्या वर्षी ५५ गुण. पुन्हा नापास. तिसऱ्या वर्षी, १९८० मध्ये ९५ गुण मिळाले आणि पोरगा थेट पेकिंग विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात जाऊन पोहोचला.

याच यू मिनहोंग यांनी १९९३ मध्ये बीजिंगला ‘न्यू ओरिएंटल’ नावाने इंग्रजीचे खासगी क्लास काढले. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांच्या परीक्षांची तयारी करून घेता घेता ती चीनमधल्या सर्वांत मोठ्या शिकवणी संस्थांपैकी एक झाली. २००६ मध्ये तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले. इंग्रजीत ३३ गुण मिळवलेल्या मुलाने इंग्रजी शिकवून कोट्यवधी कमावले. नारायण यांची गोष्ट आणि ही गोष्ट शेजारी शेजारी ठेवली तर एक फरक मात्र लक्षात येतो. नारायण नापास झाल्यावर परीक्षेपासून दूर गेले. यू मिनहोंग परीक्षेच्या आतच शिरले आणि तिच्या किल्ल्या तयार करून विकू लागले.

पण किल्ल्यांचा बाजार फार वाढला. मुलांच्या शिकवण्यांचा खर्च आईबापांना झेपेना. मूल झोपायचे कधी आणि खेळायचे कधी, असा प्रश्न पडला. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने सक्तीच्या शिक्षणाच्या वयातल्या मुलांसाठी मुख्य विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी घातली. इंग्रजी त्यात होतेच. न्यू ओरिएंटलला सुमारे ६० हजार कर्मचारी कमी करावे लागले. रिकाम्या झालेल्या वर्गांतली बाके-खुर्च्या खेड्यांतल्या शाळांना वाटण्यात आली. पुढल्या वर्षी त्याच संस्थेचे काही शिक्षक मोबाईलच्या पडद्यावर थेट प्रक्षेपणात तांदूळ, मका, फळे विकू लागले आणि विकता विकता त्या वस्तूंची इंग्रजी नावे, म्हणी, कविताही सांगू लागले. गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. परीक्षेची भीती नसली की इंग्रजी ऐकायला लोकांना आवडते, असे म्हणावे का? निदान मका तरी खपला.

ली हुआ आणि स्वामी

चिनी मुलांच्या इंग्रजी पेपरात एक ठरलेला पाहुणा असतो. त्याचे नाव ली हुआ. ‘तुम्ही ली हुआ आहात असे समजा आणि तुमच्या परदेशी मित्राला पत्र लिहा’ हा प्रश्न १९९५ पासून वेगवेगळ्या रूपांत येत आला आहे. ली हुआ कधी ब्रिटिश मित्राला चिनी सणाला बोलावतो, कधी शिक्षकांकडे मदत मागतो, कधी चित्रप्रदर्शनाचे आमंत्रण देतो. तीस वर्षे झाली, ली हुआ अजून बारावीतच आहे. कोट्यवधी मुलांनी त्याच्या नावाने सही केली, कारण उत्तरपत्रिकेत स्वतःचे नाव लिहायला बंदी! एकदा परीक्षा संपली की त्याच्यावर विनोद करणे हा तिथल्या पिढ्यांचा आवडता उद्योग आहे.

आपल्याकडच्या बोर्डाच्या पेपरातही ‘तुम्ही अमुक-तमुक आहात असे समजून’ मित्राला पत्र लिहायचे असते. तो मित्र कायम आजारी असतो, किंवा पहिला आलेला असतो, नाहीतर सुट्टीत गावी येणार असतो. गाईडमधले पत्र पाठ केले की काम झाले. ली हुआची पत्रेही अशीच साच्यातली. सुरुवातीचे वाक्य ठरलेले, शेवटचे वाक्य ठरलेले, मध्ये फक्त प्रसंग बदलायचा. ली हुआ कधी हट्ट करत नाही, खोटे बोलत नाही, शाळा बुडवत नाही. मग त्याच्याजवळ खऱ्या मित्राला लिहिण्यासारखे उरते तरी काय?

आता दुसऱ्या एका काल्पनिक विद्यार्थ्याकडे पाहू. १९३० साली विजयादशमीला, आजीने काढून दिलेल्या मुहूर्तावर, नारायण यांनी बंगळूरला एक वही उघडली आणि त्यांच्या डोळ्यांपुढे एक छोटे रेल्वे स्टेशन उभे राहिले. मालगुडी. त्या गावातला स्वामीनाथन ऊर्फ स्वामी हा ली हुआच्या अगदी उलट. परीक्षा जवळ आली की अभ्यासाऐवजी परीक्षेला लागणाऱ्या कागद, टाक, टाचण्या, शाई यांची लांबलचक यादी करण्यात तो रमतो. वडील आंब्यांच्या भावाचे गणित घालतात, तर त्याला प्रश्न पडतो की आंबे पिकलेले होते का. हा प्रश्न चुकीचा आहे असे कोण म्हणेल? बाजारात आंबे घेणारी कोणतीही बाई तोच प्रश्न आधी विचारते.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘मालगुडी डेज’ लागली की घरोघर कामे थांबत. दिग्दर्शक शंकर नाग मुंबईत मराठी रंगभूमीवर काम केलेले. वडिलांच्या भूमिकेत गिरीश कर्नाड. मालिकेतली चित्रे काढली होती नारायण यांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांनी. लक्ष्मण तर मराठी घरांना अधिकच जवळचे. जन्म म्हैसूरचा, उमेदीची वर्षे मुंबईत, अखेरची पुण्यात. त्यांनाही मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाने प्रवेश नाकारला होता, पुरेसे कौशल्य नाही म्हणून! एकाच घरातले दोन भाऊ, एकाला इंग्रजीने अडवले आणि दुसऱ्याला चित्रकलेने.

गंमत अशी की चीनच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनाही आता ली हुआचा कंटाळा आला असावा. २०१६ मध्ये झजियांग प्रांतात आणि नंतर इतरत्र एक नवा प्रश्न आला. एक अपुरी गोष्ट द्यायची, पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्ये द्यायची आणि मुलाने सुमारे १५० शब्दांत ती गोष्ट पुढे न्यायची. गुण २५. म्हणजे लेखनातले अर्ध्याहून अधिक गुण गोष्ट रचण्याला. कुत्रा हरवला असेल तर तो सापडला का, सापडल्यावर मुलीला काय वाटले, हे स्वतःच्या मनाने लिहायचे. कुक्करहळ्ळीच्या काठावर भटकणाऱ्या त्या मुलाला हा पेपर मिळाला असता तर!

पण क्लासवाले कुठे झोपले आहेत? रडण्याची दहा वाक्ये, आनंदाची दहा वाक्ये, घाबरण्याची दहा वाक्ये अशा याद्या लगेच तयार झाल्या. आता चिनी मुलांच्या गोष्टींत सगळ्यांचेच डोळे एकाच पद्धतीने भरून येतात. प्रश्न कितीही चांगला काढला तरी त्याचा साचा करून मुलांच्या हाती देणारे कोणीतरी असतेच, आणि आईबाप तो साचा पैसे देऊन घेतात. दोष द्यायचा तर केवळ क्लासला देऊन भागणार नाही.

आपल्या घरातले इंग्रजी

चीनने २००१ मध्ये तिसरीपासून इंग्रजी शिकवायचे ठरवले. महाराष्ट्रात त्याच्या एक वर्ष आधी, जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्यापूर्वी ते पाचवीत सुरू होई. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना झालेल्या या निर्णयावर तेव्हा बरीच वादावादी झाली. बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे होते की खेड्यातल्या मुलाला शहरातल्या मुलाइतकीच संधी हवी. ते खोटे नव्हते. पण वर्षे वाढली म्हणून भीती कमी होतेच असे नाही, हे दहावीच्या मुलांच्या घरी जाऊन पाहिले तर कळते. गणिताइतकाच इंग्रजीचा पेपर आजही अनेक घरांची झोप उडवतो. गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांच्यावर भरवसा आहेच. बोर्डाने कृतिपत्रिका आणली, तर कृतिपत्रिकेचीही गाईडे आली.

यात घरच्यांना करण्यासारखे एखादे छोटे काम आहे का? आहे, आणि त्याला खर्च नाही. मुलाने गाईडमधले पत्र पाठ करण्याऐवजी खरे पत्र लिहावे. नागपूरच्या मामेभावाला किंवा सुरतेच्या आत्याला, चार ओळींचे, चुकांसकट. आईला इंग्रजी येत नसेल तरी बिघडत नाही. मुलाने इंग्रजी गोष्ट मोठ्याने वाचावी आणि आईला मराठीत सांगावी. सांगता आली तर ती समजली आहे, आणि न आली तर कुठे अडले ते दोघांनाही कळेल. परीक्षेत लगेच गुण वाढतील असे वचन कोणी देऊ नये. पण एका गोष्टीतून जितके शब्द मनात राहतात तितके शंभर शब्दांच्या यादीतून क्वचितच राहतात, हा अनुभव इंग्रजी शिकवणारे जुने शिक्षक नेहमी सांगतात.

शिक्षकांच्या बाबतीत म्हैसूरचे स्थान मोठे आहे. दक्षिणेतल्या राज्यांसाठी शिक्षक घडवणारी प्रादेशिक शिक्षण संस्था १९६३ पासून इथे आहे आणि भारतीय भाषा संस्थान १९६९ पासून. नारायण यांनी मात्र शिक्षकी पेशात फार दिवस काढले नाहीत. पदवीनंतर त्यांना चन्नपट्टणच्या शाळेत नोकरी लागली. मुख्याध्यापकांनी गैरहजर कवायत शिक्षकाच्या जागी उभे राहायला सांगितले आणि स्वारी काही दिवसांतच घरी परतली. लेखनावर पोट भरायचे असा निश्चय करणे त्या काळात वेडेपणाच होता. ‘स्वामी’चे हस्तलिखित इंग्लंडच्या प्रकाशकांकडून परत येत राहिले, तेव्हा त्यांनी ऑक्सफर्डमधल्या मित्राला ते दगड बांधून थेम्स नदीत बुडवायला सांगितले होते. मित्राने ते न ऐकता ग्रॅहम ग्रीन यांना वाचायला दिले. १९३५ मध्ये पुस्तक निघाले.

शाळकरी मुलांना ते शेवटपर्यंत विसरले नाहीत. १९८६ मध्ये त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. १९८९ मध्ये सभागृहात बोलायला उभे राहिले ते दप्तरांच्या ओझ्यावर. पुस्तकांनी वाकलेली पाठ, चालताना पुढे लोंबणारे हात, यांमुळे मुले माकडासारखी चालू लागली आहेत, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. पुढे १९९२ मध्ये प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ‘ओझ्याविना शिक्षण’ हा तिचा अहवाल १९९३ मध्ये आला. तो आजही चर्चेत येतो. दप्तरे किती हलकी झाली, हे दर जूनमध्ये मुलाचे दप्तर उचलणाऱ्या बापाने ठरवावे.

म्हैसूर विद्यापीठाने १९७६ मध्ये नारायण यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. नापास झाल्याला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती.

म्हैसूरच्या यादवगिरीत त्यांनी बांधलेले घर २०११ मध्ये पाडायला घेतले होते. लोकांनी आवाज उठवला, पाडकाम थांबले आणि २०१६ पासून तिथे संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर त्यांची लिहिण्याची खोली आहे, खिडक्याच खिडक्या असलेली. लिहिता लिहिता मान वर केली की त्यांना तिथून चामुंडी टेकडी दिसे.